जुन्या पोलोचा म्युझिक सिस्टीम ‘सेफ’ दाखवतोय, कोड कुठून आणू?

खापरीकर | १ जून २०२४, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये इथल्याच, नागपुरातल्या एका डीलरकडून जुनी फोक्सवॅगन पोलो घेतली. २०१२ ची, हायलाइन, पेट्रोल, मीटरवर ४७ हजार. २,८५,००० ला सौदा झाला. गाडी चालायला छान आहे, पण कंपनीचा म्युझिक सिस्टीम पहिल्या दिवसापासून बंद. डीलर म्हणाला, ‘फ्यूज गेला असंल, किरकोळ काम आहे.’ दोन महिने मीही लक्ष दिलं नाही. काल फ्यूजबॉक्स उघडला तर त्या जागी फ्यूजच नव्हता. नवीन टाकला, सेट लगेच सुरू झाला, पण पडद्यावर फक्त ‘सेफ’ एवढी अक्षरं. चार आकडी कोड मागतोय.

डीलरला फोन केला तर म्हणतो कोड आमच्याकडे नसतो, पहिल्या मालकाकडे असेल. सर्व्हिस सेंटरला गेलो तर आरसी ज्याच्या नावावर त्यालाच कोड देतो म्हणाले. आरसी अजून माझ्या नावावर झालेली नाही, डीलर ‘होऊन जाईल’ म्हणून राहिला आहे.

गाडी मुख्यतः बाबांसाठी घेतली. ३४ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली त्यांनी, आता गुडघ्यांमुळे बसमध्ये चढवत नाही. रामटेकला जाताना आकाशवाणी ऐकत जायचं, एवढीच त्यांची फर्माईश आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

ऑरेंजसिटी_रायडर | १ जून, ९.२२

बॅटरी बदलली का एवढ्यात? बॅटरी काढली की हे सेट लॉक होतात.

भौ_मेकॅनिक | १ जून, ९.४८

भाऊ, पयले एक गोष्ट. अंदाजानं आकडे टाकत बसू नका. या कंपनीच्या जुन्या सेटमध्ये दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा तो आकडेच घेत नाही. सेट चालू ठेवून तासभर थांबावं लागते, मग पुन्हा दोनच संधी. हजारो शक्यता अन् तासाला दोन, कधी लागंल ते तुम्हीच मोजा. वरून तास-तास चालू ठेवला की बॅटरी बसते.

लॉक काहून होते ते सांगतो. सेटच्या मागं एक वायर कायम चालू करंटची असते, चावी बंद असली तरी. सेटची आठवण तिच्यावर टिकते. ती तुटली की सेटला वाटते आपल्याला कोणी उपटून नेलं. बाजारात चोरीचा सेट विकल्या जाऊ नये म्हणून ही सोय. जुन्या काळी काच फोडून टेप काढून न्यायचे, तुमच्या बाबांना माहीत असंल.

सेट बाहेर काढला की बाजूच्या स्टिकरवर ‘व्हीडब्ल्यूझेड’नं सुरू होणारा लांब नंबर असते. तो, चेसिस नंबर अन् आरसी दाखवली की सर्व्हिस सेंटर कोड काढून देते. आरसी नावावर करून घ्या पयले.

पुणेरी_नागपूरकर | १ जून, १०.०५

एवढा व्याप कशाला? बारा-पंधरा हजारांत मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड सेट बसतो. नकाशा, मागचा कॅमेरा, सगळं मिळतं. बारा वर्षांपूर्वीच्या सेटसाठी चार चकरा मारण्यात अर्थ नाही.

धरमपेठची_मी | १ जून, १०.३१

मला नाही पटत. बाहेरचा सेट टाकला की वायरिंग कापतात, स्टिअरिंगवरची बटणं चालवायला वेगळा डबा लागतो, आणि आवाजही पूर्वीसारखा येत नाही. शिवाय त्या मोठ्या पडद्याच्या सेटांवर मीडियम वेव्ह बहुतेक नसतंच. काकांना आकाशवाणी ऐकायची आहे, नकाशा नकोय.

माझा अनुभव होंडा सिटीचा. बॅटरी बदलल्यावर कोड मागायला लागली. १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून धरत सेट सुरू केला तर सेटचा नंबर पडद्यावरच आला, काही उघडावं लागलं नाही. शोरूममध्ये आरसी आणि ओळखपत्र दाखवलं, कोड मिळाला. मी तो गाडीच्या पुस्तिकेत पेन्सिलीने लिहिला, आणि घरच्या कपाटात वेगळा. गाडीत एकच प्रत ठेवली तर चोराचीच सोय होते.

भौ_मेकॅनिक | १ जून, १०.४०

ताई, एकदम बरोबर. फोर्डच्या जुन्या सेटमध्ये पण १ अन् ६ दाबून नंबर येते, ‘व्ही’ किंवा ‘एम’नं सुरू होणारा. रेनॉचा वेगळा, एक अक्षर अन् तीन आकडे. पण पोलोत ही युक्ती चालत नाही, सेट बाहेर काढावाच लागते. अन् तो बारीक पातीच्या चाव्यांनी काढा, स्क्रू-ड्रायव्हर खुपसून नाही. डॅशबोर्डच्या कडा तुटतात.

एमएच४९_मनीष | २ जून, सकाळी ८.१५

नेटवर नंबर टाकला की कोड देणाऱ्या साईट आहेत. पैसे देऊन दोन मिनिटांत काम होतं. सेट उघडून आतल्या चिपमधून कोड वाचणारे कारागीर पण आहेत आपल्याकडे.

धरमपेठची_मी | २ जून, ८.५०

मनीष, मग चोरीचा सेट घेऊन येणाऱ्याचंही काम दोन मिनिटांत होणार ना? आरसी न बघता कोड काढून देणं मला चूकच वाटतं.

भौ_मेकॅनिक | २ जून, ९.३०

ताई, चिप वाचणारा मी पण आहो. प्रोग्रामर नावाचं यंत्र लावतो, सेटची मेमरी वाचतो, कोड निघते. पण गाडी दारात उभी पाहिजे अन् आरसी हातात पाहिजे. नुसता सेट पिशवीत घालून आणला तर मी हात लावत नाही. अवजार वाईट नसते, पण ‘गाडी कुठं आहे’ हा प्रश्न विचारणं आमचं काम आहे. न विचारणारे आहेत, ते मान्य.

मध्यमलहरी | २ जून, ११.१२

विषयांतराबद्दल माफी, पण आकाशवाणीचं नाव निघालं की राहवत नाही. खापरीकर, बाबांना सांगा ५८५ किलोहर्ट्झ. विविध भारती हवी तर एफएमवर १००.६. आणि १५६६ आठवतं का कोणाला? १९८८ मध्ये सुरू झालेली रात्रीची राष्ट्रीय वाहिनी आपल्या नागपूरहून जायची, एक हजार किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून. माझे मामा पंजाबात नोकरीला होते. रात्री रेडिओ लावून ‘नागपूर लागलं’ म्हणून घरी पत्र लिहायचे. त्या ‘नागपूर लागलं’ या दोन शब्दांसाठी आजी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची.

ऑरेंजसिटी_रायडर | २ जून, ११.३०

वा, हे माहीत नव्हतं. आमचं नागपूर अशात फक्त ५६ डिग्रीसाठी गाजून राहिलं आहे.

मध्यमलहरी | २ जून, ११.३४

तो आकडा रामदासपेठेतल्या बिघडलेल्या सेन्सरचा होता. हवामान खात्यानेच सांगितलं.

ऑरेंजसिटी_रायडर | २ जून, ११.४१

सेन्सर बिघडला असेल, पण बॅटऱ्या खरंच मरून राहिल्या आहेत. माझी दुसऱ्याच उन्हाळ्यात गेली. थंडीत गाडी सुरू होत नाही तेव्हा आपण थंडीला शिव्या देतो, पण बॅटरीचं आयुष्य खातं ते हे ऊन. भौ, बॅटरी बदलताना सेट लॉक होऊ नये म्हणून काही करता येतं का?

भौ_मेकॅनिक | २ जून, दुपारी १.०५

येते ना. जुनी काढायच्या आधी दुसरी १२ व्होल्टची बॅटरी समांतर जोडून ठेवायची, म्हणजे करंट तुटत नाही. फक्त मोकळी पॉझिटिव्ह तार बॉडीला लागू देऊ नका. घड्याळ, रेडिओ, काचांची सेटिंग, सगळं जागच्या जागी राहते.

भौ_मेकॅनिक | २ जून, १.४०

खापरीकर भाऊ, जेवताना तुमची पोस्ट पुन्हा वाचली. माझ्या मनात काही बसून नाही राहिलं. आपण सगळे बॅटरी-बॅटरी करून राहिलो, पण तुम्ही बॅटरीचं काहीच लिहिलं नाही. तुम्ही लिहिलं की फ्यूज *नव्हता*. जळलेला फ्यूज जाग्यावर राहते. तो तिथं नव्हता म्हणजे कोणीतरी काढला.

आता ऐका. या कंपनीच्या त्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये एक सोय असते. एकदा कोड टाकला की सेट अन् गाडी एकमेकाला ओळखून ठेवतात, डॅशबोर्डच्या मीटरशी त्याची ओळख असते. करंट तुटून परत आला की सेट आतल्या आत विचारते, ‘मीटर तोच आहे ना?’ तोच असला तर कोड न मागता सुरू होते. म्हणजे नुसता फ्यूज काढून टाकल्यानं तुमच्या सेटनं ‘सेफ’ म्हणायला नको होतं.

म्हणून दोनच गोष्टी असू शकतात. सेट दुसऱ्या गाडीतून आणून बसवला, नाही तर मीटर बदलला. सेट दुसरा असंल तर एवढं काही नाही. मीटर बदलला असंल तर तुमचे ते ४७ हजार कोणाचे, हा प्रश्न आहे. अन् मीटर लोक दोन कारणांनी बदलतात. एक आकडा कमी करायला, दुसरं पाणी गेलं म्हणून.

आज एक काम करा. पुढचे दोन्ही सीटबेल्ट पूर्ण संपेपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्याकडे उजेडात पाहा. मग स्टेपनी उचलून खालचा खड्डा पाहा, अन् सीटच्या पायाचे बोल्ट. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझते का, ते पण पाहा.

पुणेरी_नागपूरकर | २ जून, १.५५

बाप रे. मी अँड्रॉइड सेट टाका म्हटलं होतं, ते मागे घेतो. आधी भौ सांगतात ते बघा.

खापरीकर | २ जून, सायंकाळी ७.२०

पाहिलं. हात थरथरून राहिले आहेत लिहिताना.

ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट वरून स्वच्छ, काळाभोर. पूर्ण ओढला तर शेवटच्या दीड फुटावर मातकट रेघ, आणि त्याखाली पट्टा कडक, वाळलेल्या पोत्यासारखा. दुसऱ्या बाजूलाही तेच. स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यांना बारीक गाळ, बोटाला रवाळ लागतो. सीटच्या बोल्टांवर तांबूस गंज. एअरबॅगचा दिवा लागतच नाही. चावी फिरवल्यावर बाकी सगळे दिवे येतात, तो एकच येत नाही.

बाबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘गाडीला डेपोचा वास येतो, पाणी भरल्यानंतरचा.’ मी बाजारातून सुगंधी डबी आणून लावली. आज बेल्ट पाहिल्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते आत जाऊन बसले.

धरमपेठची_मी | २ जून, ७.३८

२३ सप्टेंबर २०२३.

आम्ही विसरू शकत नाही. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि पहाटेपर्यंत अंबाझरी तलाव ओसंडून वाहत होता. आमच्या खालच्या मजल्यावर नाग नदी शिरली. मोरभवन बसस्थानकात बस बुडालेल्या, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या एकमेकींवर चढलेल्या. पुढचे कित्येक दिवस टोइंगवाले गाड्या उचलून नेत होते. त्या सगळ्या कुठे गेल्या, हा प्रश्न तेव्हा मनात आला नव्हता.

एमएच४९_मनीष | २ जून, ७.५०

भाऊ, गाडी चालवू नका आता. एअरबॅगचा कंट्रोलर खाली मधल्या बोगद्यावर असतो, पाणी पहिल्यांदा तिथेच जातं. दिवा मुद्दाम बंद केला असेल तर वेळेवर एअरबॅग उघडणार नाही.

खापरीकर | ४ जून, रात्री १०.१५

आज आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. अंबाझरीच्या खालच्या अंगाला एका लेआउटमधलं घर. बेल वाजवली तर साठीच्या एक काकू आल्या. गाडीचा नंबर सांगितल्याबरोबर म्हणाल्या, ‘ती अजून चालते?’

त्यांनी बसवून घेतलं, चहा दिला. गाडी त्यांच्या यजमानांची. यजमान गेल्यावर विमा फक्त थर्ड पार्टीचा ठेवला होता, म्हणून पाण्याची भरपाई मिळाली नाही. त्या पहाटे पाणी सीटच्या वर होतं. दोन महिने गाडी दारात उभी राहिली, मग एक जण येऊन भंगाराच्या भावात घेऊन गेला. कागदांवर सह्या केल्या, त्यांना वाटलं गाडी तोडायला जाईल. तेव्हाचं मीटर ८४ हजारांचं होतं. मी ४७ म्हटलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

निघताना त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. यजमानांनी सगळं जपून ठेवलेलं: पहिलं बिल, सर्व्हिसच्या पावत्या, आणि एका पाकिटात प्लास्टिकचं छोटं कार्ड. त्यावर चार आकडे. ‘हे पण घेऊन जा, बाळा,’ म्हणाल्या.

म्हणजे कोड मिळाला. आणि मूळ सेट या गाडीचाच आहे, पावतीवरचा नंबर जुळतो. भौ, मीटरच बदललाय.

वकीलीण_सदर | ५ जून, सकाळी ७.४०

इतके दिवस वाचत होते, आता लिहिते. सर्व्हिसच्या पावत्यांचे आणि बेल्टचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. काकूंकडून दोन ओळींचं लेखी घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या बदलानुसार १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन विभागाचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाकडून गाडी ताब्यात घेतल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये द्यावी लागते. डीलरकडे दोन्ही मागा. गाडी अजून काकूंच्या नावावर आहे, म्हणजे उद्या अपघात झाला तर नोटीस त्यांच्या दारात जाईल. हे त्यांनाही सांगा.

आधी लेखी पत्र देऊन पैसे परत मागा. नाही दिले तर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ऑनलाइन, घरून तक्रार करता येते.

खापरीकर | ८ जून, दुपारी ३.३०

पत्र आणि फोटो घेऊन गेलो. पहिल्या दिवशी डीलर आवाज चढवून बोलला. वकीलताईंनी सांगितलेलं अधिकारपत्र मागितल्यावर सूर बदलला. ‘दोन महिने गाडी वापरली’ म्हणून १५ हजार कापून बाकी परत द्यायला तयार झाला. उद्या गाडी द्यायची, पैसे घ्यायचे.

एक विचारायचं आहे. कोड माझ्याजवळ आहे. बाबांना शेवटचं एकदा तरी या गाडीत रेडिओ ऐकवावा असं मनात आहे, घर ते डीलर एवढ्या अंतरात. टाकू का?

मध्यमलहरी | ८ जून, ३.५२

टाका की. एवढा त्रास काढला, तेवढा आनंद तरी घ्या.

भौ_मेकॅनिक | ८ जून, ४.१०

भाऊ, नका टाकू.

कोड टाकला की सेट नव्या मीटरला ओळखायला लागंल. मग फ्यूज काढा, बॅटरी काढा, ‘सेफ’ पुन्हा येणार नाही. तुम्हाला ही गाडी कळली ती याच एका शब्दामुळं. बेल्ट ते बदलून टाकतील, खड्डा धुऊन टाकतील. पुढच्या माणसाजवळ फक्त हा सेट राहिला आहे खरं बोलणारा.

पुणेरी_नागपूरकर | ८ जून, ४.२५

पण पुढचा माणूस चिप वाचून कोड काढून घेईलच ना? किंवा अँड्रॉइड टाकेल, मी सांगितला तसा.

भौ_मेकॅनिक | ८ जून, ४.३१

काढंल. पण त्यासाठी माझ्यासारख्याकडे यावं लागंल. अन् मी आता प्रत्येक पोलोचा बेल्ट ओढून पाहीन.

वकीलीण_सदर | ८ जून, ४.४०

कार्डही डीलरला देऊ नका. ते काकूंचं आहे, त्यांना परत करा. आणि परिवहन कार्यालयात चेसिस नंबरासह लेखी अर्ज द्या. इथे मात्र नंबर टाकू नका.

खापरीकर | ९ जून, रात्री ९.०५

२,७०,००० खात्यात जमा झाले. गाडी दिली. कोड टाकला नाही.

सकाळी निघताना बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘वर्कशॉपमध्ये नादुरुस्त गाडीला आम्ही पाटी लावत होतो. कोणी चुकून नेऊ नये म्हणून. ही पाटी काढू नकोस.’ मग स्वतः समोर बसले, आणि डीलरच्या दारापर्यंत ‘सेफ’ लिहिलेल्या त्या पडद्याकडे पाहत होते.

तिथून ऑटोने काकूंकडे. कार्ड आणि फाईल परत दिली, अर्जावर त्यांचीही सही घेतली. उद्या परिवहन कार्यालयात देतो. त्यांना एवढंच वाईट वाटत होतं की यजमानांची गाडी तोडायला गेली नाही, कोणाच्या तरी गळ्यात पडली.

परत येताना बर्डीवर उतरून बाबांसाठी सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवाला. तीन दुकानं फिरावी लागली. आता अंगणात खाटेवर घेऊन बसले आहेत. ५८५ लागलं.

मध्यमलहरी | ९ जून, ९.१२

नागपूर लागलं!

भौ_मेकॅनिक | ९ जून, ९.२०

दुसरी गाडी पाहायला जाल तेव्हा फोन करा. बाबांना पण घेऊन या, त्यांचं नाक कामाचं आहे.